दूध बघणारी

डॉक्टरीणबाई नुसतं ‘हं’ म्हणाल्या आणि मान खाली घालून लिहू लागल्या. एवढंच झालं. नवीन जालन्यातल्या त्या दवाखान्यात सकाळपासून तीसेक लेकरं तपासून झाली असतील, बाहेर बाकड्यांवर अजून तेवढीच रडत होती, आणि त्या कालव्यात कुणा डॉक्टरीणबाईच्या तोंडून निघालेल्या ‘हं’ला कोण विचारतो? पण गोपिकाबाईंना ते बराबर लागलं. भर रस्त्यात चपलेचा अंगठा तुटावा आणि पुढची सगळी वाट पाय ओढत चालावी लागावी, तसं. त्यांनी पदर कपाळावर ओढून घेतला आणि सुनेच्या मांडीवरच्या नातीकडं बघत राहिल्या. नात तीन महिन्यांची. दोन आठवड्यांपूर्वी तिला जुलाब लागले, साखरमिठाच्या पाण्यानं थांबले, थांबले म्हणेपर्यंत पुन्हा सुरू झाले. या खेपेला फेसाळ, आंबट वासाचे, आणि एवढे जळजळीत की पोरीचं बूड सोलवटून निघालं. दूध प्यायली की पोट नगाऱ्यासारखं व्हायचं आणि पाय पोटाशी घेऊन ती किंचाळायची. गोपिकाबाईंनी पहिल्या दिवशीच दुपट्यावरचा तो फेस पाहिला होता आणि न बोलता दुपटं घडी करून बाजूला ठेवलं होतं. तो फेस त्यांच्या ओळखीचा होता.

डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. वयानं लहान, पण बोलणं समजुतीचं. म्हणाल्या, दुधात एक साखर असते, ती फोडायला लेकराच्या आतड्यात एक रस पाझरतो. जुलाबानं आतड्याचं अस्तर खरवडलं गेलं की तो रस कमी पडतो. मग साखर तशीच पुढं जाते, नासते, फेस होतो. आठ-पंधरा दिवसांत, फार तर महिन्यात अस्तर पुन्हा धरतं आणि सगळं पूर्ववत होतं. तोवर हे थेंब, म्हणजे बाहेरून दिलेला तोच रस. आणि ही पुडी, हिच्यात पोटाला लागणारे चांगले जंतू असतात. “आईचं दूध मात्र एक दिवससुद्धा बंद करायचं नाही. दुधात काही दोष नसतो. आईचं घ्या, बकरीचं घ्या, म्हशीचं घ्या, साखर तीच.” त्यावर मल्हारी, गोपिकाबाईंचा मुलगा, बियाण्याच्या कंपनीच्या गोदामातून अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून आलेला, मोठ्या अभिमानानं बोलून गेला, “मॅडम, मलाबी लहानपणी हेच झाल्तं. माझ्या जन्मदात्या आईचं दूधच इखारी निघालं. आमच्या मायनं ओळखलं म्हणून वाचलो. दूध बघण्यात तिचा हात धरणारं न्हाई कुणी, पाच गावच्या बाया येत होत्या.” डॉक्टरीणबाई कौतुकानं हसल्या. “असं? मग काय दिलं होतं आजी तुम्ही?” गोपिकाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या, “पेज. अन् ताकावरची निवळी.” “अरे वा! या पुडीत जे आहे ना, त्याच जातीचं काम ताक करतं. हिला मात्र देऊ नका हं, ही फार लहान आहे. पण तेव्हा तुम्ही डोकं चालवलंत. आणि मग किती दिवसांनी परत आईच्या अंगावर दिलंत?”

गोपिकाबाई पदराच्या टोकाला गाठ मारत होत्या. उत्तर मल्हारीनं दिलं. “दिलंच न्हाई ना परत. मंग हीच माझी माय झाली.”

तेव्हा डॉक्टरीणबाई ‘हं’ म्हणाल्या.

रिक्षा कुंडलिकेच्या पुलावर आली तेव्हा पुढं ट्रक अडकला होता आणि खाली नदीच्या नावाला उरलेल्या पाण्यात म्हशी बसल्या होत्या. सून, कौसल्या, पोरीच्या तोंडावर पदर धरून होती. मल्हारी रिक्षावाल्याशेजारी अर्धवट बसून लोखंडाच्या भट्ट्यांच्या धुराबद्दल काहीतरी सांगत होता. गोपिकाबाईंना त्याची फक्त पाठमोरी मान दिसत होती. ही मान त्यांनी किती वेळा तेल लावून चोळली असेल. त्या मानेवर केस उगवायच्या आधीपासूनची त्यांची तिच्याशी ओळख होती. त्याच्या जन्माचं साल त्यांना कुणी विचारलं की त्या सांगायच्या, जालना जिल्हा झाला ते साल. औरंगाबादला जायचं ते आता जालन्याला जायचं, म्हणून गावात शाळेच्या गुरुजींनी लेकरांना गोळ्या वाटल्या आणि त्याच आठवड्यात सखू बाळंत झाली. सखू म्हणजे त्यांच्या धाकट्या दिराची बायको. अठराची असेल नसेल. अंबडच्या अलीकडं त्यांचं गाव, चार खणांचं घर, मेंढरं विकून थोडं रान घेतलेलं. गोपिकाबाईंची स्वतःची दोन लेकरं उपजत गेली होती आणि तिसऱ्याची आशा म्हस्कूनं, त्यांच्या नवऱ्यानं, बोलून दाखवणं सोडून दिलं होतं. सखूला मुलगा झाला तेव्हा नाळ कापताना पितळी ताट वाजवलं ते गोपिकाबाईंनीच. हात थरथरत होते, आनंदानंच थरथरत होते असं त्या तेव्हा समजल्या होत्या.

दूध बघायची विद्या त्यांना सासूनं दिली. सासू, झुंबरबाई, शेळ्यामेंढ्यांची कास बघायची तसंच बायांचंही बघायची. आधी एक थेंब अंगठ्याच्या नखावर. तो मण्यासारखा उभा राहतो की ओघळतो ते बघायचं. मग वाटीभर पाण्यात. विरघळतं की तार धरून तळाला जातं. आणि तरीही शंका राहिली तर वाटीत नुसतं दूध काढून त्यात मुंगी सोडायची. मुंगी पोहून काठाला लागली तर दूध अमृत. बुडून मेली तर इखारी. मग ते लेकराला द्यायचं नाही. झुंबरबाईचे डोळे अधू झाले आणि तिनं भर बायकांत सांगितलं, “आजपासून गोपिका बघंल.” वांझ म्हणून डोहाळजेवणात मागं बसवली जाणारी बाई त्या दिवसापासून बाळंतिणीच्या खोलीत सगळ्यांत पुढं बसू लागली. किती सुख होतं त्यात! आता पंचवीस वर्षांनी, पुलावर रिक्षात बसून, त्यांना त्या सुखाची पहिल्यांदा शरम वाटली.

आषाढात मल्हारीला जुलाब लागले. अडीच महिन्यांचं, गुटगुटीत लेकरू चार दिवसांत सुकलं. सुंठ झाली, जायफळ झालं, दृष्ट काढून झाली. मग सासू म्हणाली, दूध बघ. मागच्या खोलीत सखूनं वाटीत दूध काढलं. वाटीच्या काठावर चार थेंब सांडले. गोपिकाबाईंनी चुलीमागच्या भिंतीवरून एक मुंगी काडीवर घेतली आणि दुधात सोडली. सखू वाटीकडं बघत नव्हती. ती गोपिकाबाईंच्या तोंडाकडं बघत होती, शाळेतलं पोर निकालाच्या कागदाकडं बघतं तसं. मुंगी पाय मारत होती. पांढऱ्यावर काळा ठिपका, फिरतोय, थांबतोय, फिरतोय. ती काठाला आली. इथवर त्यांना सगळं लख्ख आठवतं, अगदी वाटीच्या पोचासकट. पुढचं मात्र दरवेळी वेगळं आठवतं. कधी वाटतं, मुंगी काठाला लागून आपोआपच मागं घसरली. कधी वाटतं, त्यांनी वाटी उजेडाकडं करायला उचलली आणि दूध हललं. आणि कधी, देवापुढं बसल्यावर, नाहीतर भाजी निवडताना, एकदम अंगठ्याच्या नखाला ओलसर काहीतरी लागल्याचं जाणवतं आणि त्या नख लुगड्याला पुसतात. मुंगीला नख लागलं होतं की नाही? लागलं असेल तर मुद्दाम की चुकून? एवढ्या वर्षांत या प्रश्नाभोवती त्या इतक्या वेळा फिरल्या होत्या की खरं काय ते झिजून सपाट झालं होतं. त्या म्हणाल्या होत्या एवढं नक्की, “इखारी हाये गं.” सखूनं वाटी उलटी केली आणि भिंतीला टेकून बसली. रडली नाही. तिचं लुगडं पुढं दोन ठिकाणी ओलं होत गेलं.

दूध आटवायला मोगरा बांधतात. हंगाम सरत आला होता, तरी मळ्यातून ओंजळभर फुलं आणून, सखूच्या उरावर ठेवून, जुन्या धोतराच्या पट्टीनं गोपिकाबाईंनीच बांधलं. घट्ट बांध, म्हणाली सासू. त्यांनी घट्ट बांधलं. दोन दिवस सखू तापानं फणफणली आणि खोलीत कोमेजल्या मोगऱ्याचा आणि आंबलेल्या दुधाचा मिळून एक वास कोंडला. त्या वासापलीकडं, ओसरीत, गोपिकाबाई मांडीवर पोर घेऊन बोंडल्यानं बकरीचं दूध पाजत होत्या. त्यांच्या बापाच्या कळपात एखाद्या मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं काढून आई मेलेल्या दुसऱ्या कोकराला पांघरायचे. मेंढी हुंगायची, आपलंच समजायची, पाजायची. दोनचार दिवसांनी कातडं काढून घेतलं तरी मग तिचं काही म्हणणं नसायचं. लहानपणी त्यांना त्या मेंढीची कीव यायची. फसवतात बिचारीला, असं वाटायचं. मांडीवर मल्हारी झोपला की त्यांना ती मेंढी आठवायची आणि वाटायचं, कोण जाणे, तिला कळतही असेल. कळून हुंगत असेल.

मस्तगडातलं त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. खाली दोऱ्या-बटणांचं दुकान. कौसल्यानं घरी आल्या आल्या हात धुऊन वाटीत थोडं दूध काढलं, मल्हारीनं बाटलीवरची चिठ्ठी तीनदा वाचली आणि पाच थेंब मोजले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, दहा मिनिटं थांबायचं, मग चमच्यानं तेवढं पाजायचं आणि लगेच पोरीला अंगावर घ्यायचं. मल्हारी हातातलं घड्याळ धरून वाटीसमोर बसला. “माय, हे थेंब आतमधी काय करून राह्यले असतील?” तो म्हणाला. “साखर फोडून राह्यले म्हणं. अन् आपल्याला आवाजबी येईना.” कौसल्या हसली. “आवाज यायला ती काय गुळाची भेली हाये?” गोपिकाबाईही हसल्या. पण त्या वाटीत, जिथं डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथं काहीतरी सुटं होत होतं, हे त्यांना पटलं. इतकी वर्षं त्या वाटीत बघत आल्या होत्या. वाटीत बघून काय दिसतं? काहीच नाही. बघणाऱ्याच्या मनात असतं तेवढंच दिसतं.

दिवसातून सहा-सात वेळा वाटी, सहा-सात वेळा दहा मिनिटं. मल्हारी गोदामात गेला की ती मिनिटं मोजायचं काम गोपिकाबाईंकडं. समोर भिंतीवरचं घड्याळ, मांडीवर हात, आणि काही करता येत नाही, नुसतं थांबायचं. अशा थांबण्यात माणूस मागं जातं. नख लागलं की नाही हा प्रश्न त्यांना आता छळत नव्हता. त्याच्यामागं जे उभं होतं ते पुढं आलं होतं, आणि तिथं शंकेला जागाच नव्हती. बकरीच्या दुधावरही पोराला तेच जुलाब झाले होते. तोच फेस, तोच आंबट वास. पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, आधीचं पोटात राहिलं असेल. दुसऱ्या दिवशी कळलं. लंगोट घरात धुवायचे सोडून त्या टोपलीत घालून ओढ्यावर नेऊ लागल्या, म्हणाल्या, घरात वास नको. तिथं खडकाच्या आड, कुणी बघत नाही असं बघून, त्यांनी तो फेस पाण्याला लावला. मग बकरीचं दूधही बंद केलं. पेज दिली, ताक ठेवून वरची निवळी कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब दिली. का दिली ते आजही सांगता आलं नसतं. वासरांना हगवण लागली की बाप ताक पाजायचा, तेवढंच ठाऊक. सहाव्या दिवशी लंगोटात हळदीच्या गोळ्यासारखं दिसलं आणि त्या दिवशी त्यांनी लंगोट ओढ्यावर नेला नाही. अंगणात आणून सगळ्यांना दाखवला. सासूनं बोटं मोडली, म्हस्कूनं खंडोबाला नारळ बोलला, आणि सगळं घर म्हणालं, सखूचं दूध तोडलं म्हणून पोर वाचलं. गोपिकाबाईंनी कुणाची चूक दुरुस्त केली नाही.

आणि मग महिन्यानं, नागपंचमी होऊन गेली होती, त्या पोराला पायांवर घालून न्हाऊ घालत होत्या तेव्हा सखू मागून आली. पदराखाली हात घेऊन उभी राहिली. “आक्का, अजून येतंय मला,” ती म्हणाली. “बांधलं तरी येतंय. आता चांगला झालाय तो. पाजून बघू का येकदा?” पाणी तांब्यातून पडत होतं. मल्हारी पायांवर पालथा, ओल्या पाठीचा, वाफाळलेला. त्याला बकरीचं दूध तेव्हा पचायला लागलं होतं; आठ दिवसांपासून ते पुन्हा सुरू केलं होतं आणि काही झालं नव्हतं. म्हणजे गोपिकाबाईंना माहीत होतं. त्यांनी मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. “मारायचंय का त्याला?” एवढं म्हणाल्या. सखूच्या जोडव्यांचा आवाज आत गेला. महिन्यात अस्तर पुन्हा धरतं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. बरोबर महिना झाला होता. त्यानंतर पंचक्रोशीतल्या बायांनी गोपिकाबाईंपुढं वाट्या धरल्या, आणि त्यांनी पुन्हा कधीही, एकाही बाईचं दूध वाईट ठरवलं नाही. मुंगी सोडतच नसत; नखावर थेंब घेऊन म्हणत, सोन्यासारखं हाये, पाज. बाया म्हणायच्या, हिचा हात गुणाचा. त्यांना वाटायचं, अशानं काहीतरी फिटत असेल.

चौथ्या दिवशी जुलाब कमी झाले होते, पण थांबले नव्हते. दुपारच्या वाटीच्या वेळी कौसल्या वाटी पुढं ठेवून तशीच बसून राहिली. “आत्या, राग नका येऊ देऊ,” ती म्हणाली. “आईचा फोन आल्ता. ती म्हणती, डॉक्टरला काय कळतंय, घरात येवढी दूध बघणारी असताना! तुम्ही येकदा बघा ना. इखारी असंल तर मी आजच बांधते. तुम्ही ह्यांना वाचवलं तसं हिलाबी वाचवा.” गोपिकाबाई म्हणाल्या, “डॉक्टरनी सांगितलंय ना, दूध तोडायचं न्हाई.” “डॉक्टरला आपलं दूध काय ठाव?” कौसल्याचे डोळे भरले होते. “चार दिवस झाले. मीच पाजती अन् मीच तिला रडवती, असं वाटतंय मला.” आणि तेवढ्यात जिन्यावर कुणीतरी धापा टाकत चढत आलं, आणि दारातून सखूबाईचा आवाज आला.

“अगं काय हे तुमचं जालनं! रिक्षावाला मलाच इचारतो, मावशी, मस्तगड कुठून जवळ पडंल? म्हणलं, बाबा, मी अंबडकडची, तू जालन्याचा. तू मागं बस, मीच चालवते.” कौसल्या डोळे पुसून हसली आणि पाणी आणायला उठली. सखूबाईनं शेंगांचं गाठोडं उंबऱ्याच्या आत सरकवलं, पण ती स्वतः उंबऱ्याशीच टेकली. केस वयाआधीच सगळे पांढरे झालेले, हात मात्र अजून कामाचे. कौसल्यानं पोर तिच्याकडं द्यायला धरलं तशी ती मागं सरली. “नको, नको. लांबूनच बघते.” “अहो धाकट्या आत्या, घ्या की. नात हाये तुमची.” “म्हणून तर.” सखूबाईनं लांबूनच पोरीवरून हात ओवाळून बोटं मोडली. “मला ठाव हाये कशानं झालं ते. माझंच उतरलंय तिच्यात. माझ्यातून मल्हारीत, मल्हारीतून हिच्यात. मल्हारीचा फोन आला त्या दिसापासून घास गोड लागंना. ऐक बये, हयगय करू नको. आक्काला दूध दाव. आक्काची नजर कधी खोटी ठरली न्हाई. ती बांध म्हणली, तर जल्दी बांधून टाक. चार दिस दुखतं, मंग न्हाई दुखत.”

वाटी तिघींच्या मध्ये होती. कौसल्या गोपिकाबाईंकडं बघत होती, सखूबाईही. गोपिकाबाईंना वाटलं, आत्ता जर मी म्हणाले, चांगलं आहे, पाज, तर तेवढ्यावर भागेल. आजवर भागवत आलेच आहे. पण मग ही उंबऱ्यापाशी बसलेली बाई तशीच उंबऱ्यापाशी बसून राहणार, आणि पोरीला पुन्हा काही झालं की पुन्हा वाटी पुढं येणार, कारण मल्हारी कसा वाचला ती गोष्ट तशीच राहणार. त्यांनी बाटली घेतली. पाच थेंब मोजून वाटीत टाकले. घड्याळाकडं बघितलं. आणि घड्याळाकडंच बघत म्हणाल्या, “सखू, तुझं दूध चांगलं होतं.”

“काय?”

“चांगलं होतं. इखारी न्हाई, काई न्हाई.”

सखूबाई हसली. “आता काय त्याचं, आक्का! आता काय कुणी रतीब लावतंय व्हय माझ्याकडं?”

“हसू नको. ऐक. बकरीचं पाजलं तवाबी त्याला तसंच झाल्तं. मी लंगोट वढ्यावर नेऊन धुतले, कुणाला दावले न्हाईत. दोष दुधाचा न्हाई, हे मला तवाच कळल्तं. पोराचं पोट बिघडल्तं. ते नीट झालं. तू न्हाणीपाशी येऊन इचारलं, पाजू का. तवा तो बरा होता. तू पाजलं असतं तर काई बी झालं नसतं.” त्यांचा श्वास संपला. नखाची गोष्ट ओठांवर आली आणि त्यांनी तीही सांगितली. लागलं असेल, नसेल, मला खरंच आठवत नाही, पण लागलं असेल.

कौसल्या पोरीला थोपटायची थांबली होती. सखूबाईच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, काढून ठेवायचं विसरल्यासारखं. तिनं विचारलं, “मंग मी इचारलं तवा न्हाई का म्हणलीस?”

पंचवीस वर्षं गोपिकाबाईंनी याची किती उत्तरं तयार ठेवली होती. सासूचा धाक होता, पोर नाजूक होतं, अडाणी होतो आपण. त्यांतलं एकही तोंडात आलं नाही. “मला पाह्यजे होता तो,” त्या म्हणाल्या.

सखूबाईनं मान हलवली. जणू हे तिला समजलं, यात न समजण्यासारखं काही नव्हतं. ती उंबऱ्यावरच्या एका चिरेत बोटानं माती उकरू लागली. “मागायचा होता की,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मी दिला असता, आक्का. येका घरात तर होतो. तुझ्या वट्यात घातला असता अन् भूक लागली की पाजला असता. पोरगं मागायचं होतं. दूध कशाला वाईट म्हणलंस?” आणि मग, दुसऱ्याच कुणाला तरी सांगावं तसं, “पुढं माझी लेक बेबीनंदा झाली तवा मी तुला दूध दावलंसुद्धा न्हाई. दावायचं काय? मला ठावच होतं. ती उराला झोंबायची, अन् मी तिला लांब ढकलायची. रडून रडून निळी व्हायची ती. मी तिच्याकडं पाठ करून झोपायची, माझ्या अंगचं इख तिच्या तोंडात जाऊ नये म्हणून. आजबी ती मला म्हणती, आई, तू मला कधी जवळ घेतलंच न्हाई.”

बेबीनंदा. गोपिकाबाईंनी आपल्या अपराधात बेबीनंदा कधी धरलीच नव्हती. ती बकरीच्या दुधावर वाढली हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ते सखूचं आपलं काहीतरी, असं समजून बाजूला ठेवलं होतं. जे आपण केलं त्याची कड आपल्याला दिसते असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. काही बोलावंसं वाटलं, पण ‘चुकले’ हा शब्द त्या दोन खोल्यांत मांडायला फार लहान होता. घड्याळात दहा मिनिटं होऊन गेली होती. कौसल्यानं कुणाला न विचारता वाटी उचलली, चमच्या चमच्यानं दूध पोरीच्या ओठांत सोडलं आणि पदर घेऊन तिला छातीशी धरलं. पोर ओढू लागलं. त्या लहानशा चुटचुट आवाजाखेरीज घरात काही ऐकू येत नव्हतं. सखूबाई त्या आवाजाकडं तोंड करून बसली होती.

खाली मल्हारीची मोटारसायकल थांबली. जेवायच्या सुट्टीत तो रोज यायचा. दोन दोन पायऱ्या चढत आला, आणि उंबऱ्यात पाय ठेवताना त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडला. “काकू! कधी आल्या? फोन तरी करायचा, स्टँडवर आलो असतो मी.” वाकून त्यानं तिच्या पायांना हात लावला. नेहमीप्रमाणे, घाईत, दुरून. सखूबाईनं आशीर्वादाला हात उचलला आणि तो अर्ध्यातच थांबला. मल्हारीनं इकडून तिकडं बघितलं. “काय झालं? पोरीला काय झालं का?” “पोर बरी हाये,” कौसल्या म्हणाली. “मंग सगळ्याजणी अशा का बसल्या?” तो विचारत विचारतच गोपिकाबाईंपाशी आला आणि त्यांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसू लागला. “माय? काय झालं सांग ना.”

गोपिकाबाईंना त्याच्या शर्टाला लागलेल्या गोदामातल्या औषध चोळलेल्या बियाण्याचा वास आला, त्याखाली घामाचा, आणि त्याच्याही खाली कुठंतरी तो न्हाऊ घातलेल्या पोराचा, जो खरं तर आता असणं शक्य नव्हतं. तो वास त्यांनी एकदा पुरेपूर छातीत भरून घेतला. मग त्याच्या खांद्याला हात लावून त्याला थांबवलं.

“इथं न्हाई,” त्या म्हणाल्या. “तिकडं बस. तिच्यापाशी.”

“अगं पण झालं काय?”

“बस आदी. जवळ बस, अजून जवळ. मंग सांगते.”

त्याला काही कळलं नाही, पण मायचं ऐकायची सवय होती. तो उठला आणि उंबऱ्यापाशी, सखूबाईच्या शेजारी, जरा अवघडून मांडी घालून बसला. सखूबाईनं त्याच्यासाठी लुगड्याचा घोळ आवरून घेतला. दोघांची तोंडं एका रांगेत आली. तेच रुंद कपाळ, भुवईला तीच मोड. गोपिकाबाईंनी ती दोन्ही तोंडं एकत्र, समोरून, अशी कधी बघितली नव्हती. आजवर कधी बघू दिली नव्हती स्वतःला. त्यांनी हात मांडीवर ठेवले. इकडं त्यांच्या बाजूला आता कुणी नव्हतं.

“मल्हारी,” त्या म्हणाल्या, “तुला अडीच महिने झाल्ते. तुझ्या आईला दूध भरपूर होतं.”